ताकदीच्या गोळ्या

भिकन बागूल सोनगीरच्या पोस्टात पोस्टमन म्हणून लागला, तेव्हा मंजुळाबाईनं सगळ्या गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले होते. भिकन तिचा धाकटा भाऊ, पण त्याला वाढवलं तिनंच. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ती अठराची. पुढं तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती भिकनला सांभाळायलाच. वडीलही नंतर फार दिवस राहिले नाहीत. तिनं आधी लोकांच्या शेतात निंदणी केली, मग अंगणवाडीत मुलांची खिचडी शिजवायचं काम मिळालं, आणि भाऊ मॅट्रिक झाला.

आई खोकून खोकून गेली होती. त्या दुखण्याचं नाव घरात कोणी घेत नसे. ‘मोठा खोकला’ एवढंच म्हणत. नाव न घेतल्यानं लोकांना कळायचं काही राहिलं नाही. आईचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, मामा उंबऱ्याबाहेरूनच बोलून जाऊ लागला. शेवटी शेवटी तर मंजुळा आडावर आली की बायका आपली भांडी मागं ओढून घेत. भिकनला यातलं काही आठवत नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नाही.

भिकनची सायकल रोज चार खेडी फिरायची. पत्र नुसतं टाकून तो कधी पुढं जात नसे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या ओट्यावर बसायचा, चष्मा पुसायचा, सावकाश वाचून दाखवायचा. तार आली की आधी माणसाला बसायला सांगायचा, घरातून पाणी मागवायचा, मग वाचायचा. एकदा वना नावाच्या म्हाताऱ्याला मुलगा सुरतेला वारल्याची तार आली. घरची माणसं म्हाताऱ्याच्या पाठीमागून हातानं खुणावत होती, आता नको, उद्या सांगू. भिकननं वाचलीच. तार म्हाताऱ्याच्या नावावर आहे, ती मी दुसऱ्याला कशी देऊ, असं तो घरी येऊन मंजुळाबाईला, त्याच्या अक्काला, म्हणाला होता. अक्काला तेव्हा ते जरा निष्ठुर वाटलं होतं.

शहाऐंशीच्या थंडीत त्याला खोकला लागला. दिवाळीनंतर लागला तो हटेना. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, गळपट्टीत दोन बोटं सहज जातील इतकी मान उतरली. मंजुळाबाई त्याला धुळ्याला एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेली. छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली. दोन दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी भिकनला सुई घ्यायला आत पाठवलं आणि तिच्याकडे वळून म्हणाले, टीबी आहे. नऊ महिने औषध, पहिले दोन महिने सुया. मध्ये बंद करायचं नाही. पेशंटला सांगायचं का?

मंजुळाबाई म्हणाली, “नको साहेब. खचेल तो.”

डॉक्टर म्हणाले, बघा तुम्ही, आणि कागद लिहून तिच्या हातात दिला. बाहेर तीस माणसं बसली होती. कोणती गोळी काय करते, घेतल्यावर काय होईल, बंद केली तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काय विचारायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

खचेल, हे तिनं खोटं सांगितलं नव्हतं. पण मनात दुसरंच होतं. एरंडोलच्या रुपचंद सोनवण्यांच्या लताशी भिकनची सोयरीक ठरली होती. लग्न वैशाखात. हे नाव एकदा तोंडातून निघालं की एरंडोलला पोचायला किती वेळ लागतो, हे तिला आडावरच्या दिवसांपासून माहीत होतं.

घरी येऊन तिनं बाटल्यांवरचे कागद भिजवून खरवडून काढले आणि डॉक्टरांचा कागद आपल्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवला. भिकनला सांगितलं, छातीत कफ धरलाय, रोज सायकल मारून अंगातली ताकद गेलीय, या ताकदीच्या गोळ्या आहेत. नऊ महिने ताकदीच्या गोळ्या, असं म्हणून तो हसला. पण अक्का सांगते म्हटल्यावर त्यानं पुढं विचारलं नाही. गावातल्या दवाखान्यातल्या सिस्टरला तिनं गळ घातली. सिस्टर भली होती. रोज सुई टोचायची आणि काही बोलायची नाही.

औषध लागू पडलं. महिन्याभरात खोकला कमी झाला, भाकरीची चव आली, सदरा अंगाला बसू लागला. रोज पहाटे मंजुळाबाई त्याच्या हातावर लाल कॅप्सूल ठेवायची, समोर उभी राहून पाणी प्यायला लावायची. मग एके दिवशी तो म्हणाला, माझं मी घेईन, मी काय लहान आहे? बाटली त्यानं पोस्टाच्या थैलीत ठेवायला सुरुवात केली. त्या सुमाराला तो जरा गप्प गप्प राहायचा. आपले आतले कपडे स्वतः धुवायचा. एकदा त्यानं विचारलं, या गोळ्या गरम पडतात का? ती म्हणाली, नाही रे, ताकदीच्या आहेत. लग्न जवळ आलंय, पोरगा लाजतोय, असं तिला वाटलं आणि तिनं ते आनंदानंच घेतलं.

वैशाखात एरंडोलला लग्न झालं. विहारासमोर मांडव, पांढऱ्या साडीतली लता, पंचशील म्हणताना भिकनचा आवाज खणखणीत. लता नववीपर्यंत शिकलेली, बारीक चणीची, प्रश्न विचारणारी मुलगी होती. हे असं का, ते तसं का, असं तिचं सारखं चालायचं. घर हसतं झालं. मंजुळाबाई मनातल्या मनात म्हणायची, एक वर्ष निभलं की झालं.

निभलं नाही. भादव्यात, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, भिकन पोस्टातून परत आला तो तोंडाला रुमाल लावून. रुमाल लाल झाला होता.

या वेळी त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीच्या वॉर्डात वारकेबाई म्हणून डॉक्टर होत्या, फैजपूरकडच्या, तिशीच्या आत-बाहेरच्या. त्यांनी भिकनला समोर स्टुलावर बसवलं, मंजुळाबाईला बाजूला, आणि विचारलं, “आधी काही औषध घेतलं होतं का?”

भिकन म्हणाला, “ताकदीच्या गोळ्या घेत होतो.”

वारकेबाईंनी मंजुळाबाईकडे पाहिलं. घरून निघताना तिनं पेटीतला कागद बरोबर घेतला होता, कमरेच्या पिशवीत. तो तिनं काढून दिला. बाईंनी तो दोनदा वाचला. मंजुळाबाई अजिजीनं म्हणाली, बाई, जरा बाहेर येता का, मी सांगते. वारकेबाई म्हणाल्या, “बाहेर नाही. आजार यांचा आहे, यांच्यासमोरच बोलू.”

मग त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि भिकनला बोटानं दाखवलं: हे तुमचं फुप्फुस, इथं हा खड्डा. केसपेपरच्या मागं पेनानं चित्र काढलं. या आजाराला टीबी म्हणतात, म्हणाल्या, जंतूंचा असतो, पूर्ण औषध घेतलं तर बरा होतो. तुम्ही या गोळ्या किती महिने घेतल्या?

भिकननं ते चित्र आपल्याकडे ओढून घेतलं. मग खालमानेनं सांगू लागला. लाल गोळी सुरू झाली आणि लघवी लाल होऊ लागली. पहिल्यांदा एका शेताच्या बांधावर पाहिलं तेव्हा पायानं माती ओढून झाकलं. रक्त आहे असं वाटलं. तसलाच काही घाणेरडा रोग असेल असं वाटलं. लग्न तोंडावर, घरात मोठी बहीण, बोलणार कुणाशी? एक दिवस लाल गोळी घेतली नाही, तर दोन दिवसांत लघवी साफ झाली. मग ती गोळी तो रोज नाल्याच्या पुलावरून खाली टाकू लागला. बाकीच्या आठवल्या तर घ्यायचा, नाही तर नाही. अंगात ताकद तर आली होती.

वारकेबाईंनी पेन खाली ठेवलं. “तो औषधाचा रंग असतो,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनाच होतो. त्यानं काही बिघडत नाही.”

“इतलंच व्हतं?” भिकननं विचारलं.

“एवढंच.”

मंजुळाबाईला पुढचं सगळं नीट ऐकू आलं नाही. अर्धवट औषधानं जंतू चिवट होतात, आता त्या गोळ्यांना ते दाद देतीलच असं नाही, दुसरी औषधं करून पाहू, असं काहीसं बाई सांगत होत्या. भिकन मान हलवत होता, मधेच काही विचारत होता. मंजुळाबाईचे डोळे त्या केसपेपरवरच्या चित्रावर खिळले होते.

वॉर्डात खाटेवर बसल्यावर तो तिला एवढंच म्हणाला, “मी मरनन्या तारा वाची दाखाड्यात, अक्का. ज्याना नावनी तार, त्याले. तू मना नावनी चिठ्ठी वरीसभर पेटीमा ठेई दिधी.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती डबा आणायची, तो खायचा, डबा धुऊन परत द्यायचा.

लताला त्यानं स्वतः सांगितलं. मंजुळाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मला काय झालंय, कसं झालं, औषध का सुटलं, हे त्यानं एकामागून एक सांगितलं. लघवीचंही सांगितलं. तुझ्यापासून लपवून तुला या घरात आणलं, मला माहीत नव्हतं पण आणलं, म्हणाला. तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण जायच्या आधी तुझी थुंकी तपासून घे.

तिची थुंकी तपासली. फोटो काढला. डाव्या बाजूला वर एक डाग निघाला.

रुपचंद सोनवणे एरंडोलहून आले. भला माणूस, आवाज न चढवणारा. व्हरांड्यात मंजुळाबाईसमोर उभे राहून त्यांनी विचारलं की आमच्या मुलीनं तुमचं काय वाईट केलं होतं.  ते लताला न्यायला आले होते. लता म्हणाली, औषध इथं सुरू झालंय, बाई मला ओळखतात, नऊ महिने झाल्याशिवाय मी हलणार नाही. ती नवऱ्यासाठी थांबली की औषधासाठी, हे मंजुळाबाईला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायला तिला तोंड नव्हतं.

वारकेबाईंनी लताला समोर बसवून सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या होत्या. ही कशाची, ती कशाची. ही उपाशीपोटी. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. डोळे पिवळे दिसले, पोटात मळमळलं तर लगेच यायचं. दोन महिन्यांत बरं वाटेल, तेव्हाच सगळ्यात जास्त सांभाळायचं, कारण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नाही. लतानं नेहमीप्रमाणे शंभर प्रश्न विचारले आणि बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. भिकननं खाटेवर बसल्या बसल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लताच्या गोळीची रोजची खूण करायची, असं दोघांनी ठरवलं. तिसऱ्या दिवशी लता मोरीतून बाहेर आली आणि मंजुळाबाईला म्हणाली, “अक्का, लाल व्हयनी.” एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिथंच भिंतीशी खाली बसून रडली. मंजुळाबाई तिच्या शेजारी बसली. हात लावावा की लावू नये, हे तिला ठरवता येईना.

भिकनला नवी औषधं सोसत नव्हती. मळमळायचं, कानात आवाज यायचे. तरी त्यानं एकही गोळी सोडली नाही. आता त्याला प्रत्येकीचं नाव येत होतं, कशासाठी आहे ते येत होतं. बाई फेरीला आल्या की तो विचारायचा, या वेळच्या थुंकीत काय निघालं? बाई खरं सांगायच्या. अजून जंतू आहेत. दोनदा त्यांनी, कमी झालेत, असंही सांगितलं. तेव्हा मंजुळाबाईनं घरी जाऊन गोड केलं.

वॉर्डात नवा माणूस आला की भिकन त्याच्या खाटेशी जाऊन बसायचा. केसपेपर घेऊन सावकाश वाचून दाखवायचा, चित्र काढायचा. झुलाल नावाचा एक जण होता, केळीचे घड वाहणारा. चौथ्याच दिवशी तो पिशवी भरून पळून निघाला होता. रक्त पडतंय म्हणत होता. भिकननं त्याला फाटकातून परत आणलं, आपल्या खाटेवर बसवलं आणि आपली सगळी हकीकत सांगितली. पुलावरून टाकलेल्या गोळ्यांची सुद्धा. झुलाल राहिला. पुढं बरा होऊन गेला. त्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डातून पळालेली माणसं एरवीच्या निम्मीही नाहीत, असं वारकेबाई एकदा मंजुळाबाईला म्हणाल्या. तिला चांगलं वाटावं म्हणूनच म्हणाल्या असतील. तिला ते ऐकवेना. ती डबा उचलून बाहेर गेली.

माघात त्यानं बाईंना सरळच विचारलं. बाईंनी खुर्ची ओढली, त्याच्याजवळ बसल्या आणि सांगितलं की आता औषध पुरं पडत नाही. त्यानं विचारलं, होळीपर्यंत? बाई म्हणाल्या, कदाचित. तो म्हणाला, बरं. मग त्यानं पोस्टातल्या कामाचे कागद, लताचं नाव कुठं लावायचं ते, सगळं दोन दिवसांत उरकून घेतलं. कोणाची कुठं कागदपत्रं आहेत, ते लताला लिहून दिलं.

आणि एका दुपारी त्यानं मंजुळाबाईला जवळ बोलावलं.

“अक्का, आई कशी गयी?”

इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, आता कशाला ते? त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग ती सांगायला लागली. आईला टीबी झाला होता, असं ती म्हणाली. ते नाव आईच्या बाबतीत तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. मग थांबताच येईना. वेगळं ताट सांगितलं, पेला सांगितला, उंबऱ्याबाहेरून बोलणारा मामा सांगितला. शेवटच्या दिवसांत आई तीन वर्षांच्या भिकनला मांडीवर मागायची आणि मंजुळा त्याला दारातच धरून ठेवायची, आत जाऊ द्यायची नाही. तो रडायचा, आई हात पुढं करायची. तेही सांगितलं. तेव्हा मला बरोबर काय ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणाली. मला जे दिसलं त्याचीच भीती बसली. तुला तेच झालंय असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला आजार दिसला नाही रे, आड दिसला.

भिकननं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाला, “तूबी ल्हानच व्हती.”

त्यानं तिला माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याकडून पाणी मागून घेऊ लागला. होळीच्या पाच दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमाराला तो गेला. लता त्याच्या उशाशी होती, मंजुळाबाई पायाशी. लताच्या गोळ्यांचे त्या दिवशी तीन महिने उरले होते. तिसऱ्या दिवशी घरात बुद्धवंदना झाली. माणसं बसली होती. लता उठून आत गेली, उपाशीपोटीची गोळी घेतली आणि परत येऊन बसली. एका बाईनं तोंड वाकडं केलं. मंजुळाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून गेली.

जूनमध्ये लताची शेवटची तपासणी झाली. थुंकी साफ निघाली, फोटोत डाग वाळलेला दिसला. वारकेबाईंनी कार्डावर सही केली, लताच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढं तीन तीन महिन्यांनी यायला सांगितलं. आषाढात रुपचंद सोनवणे येऊन तिला एरंडोलला नेणार होते. तिला पुढं शिकायचं होतं, नर्सबाईचं काही करता येतं का ते पाहायचं होतं.

दोघी धुळ्याहून एसटीनं परत निघाल्या. गाडीत गर्दी नव्हती. नऊ महिन्यांत दोघींमध्ये बोलणं होतं ते भाकरीचं, पाण्याचं, औषधाच्या वेळेचं. देवभान्याच्या अलीकडं लता खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, “अक्का, तुमले वाटनं, मी लगीनले नही म्हनसू.”

मंजुळाबाईनं मान हलवली. आता लपवायचं काय राहिलं होतं?

“नही म्हनती नही मी,” लता म्हणाली. “थांबी जाती. वरीसभर.”

 लताच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब मागण्याचा सूर नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं होतं. एक वर्ष. भिकननं नऊ महिने गोळ्या घेतल्या असत्या, ही एरंडोलला बसून राहिली असती, पुढच्या वैशाखात लग्न झालं असतं. तेवढंच करायचं होतं, आणि त्यासाठी फक्त दोन माणसांना एक नाव सांगायचं होतं.  मंजुळाबाईनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली आणि पदर तोंडात कोंबला. कंडक्टर तिकडून पाहत होता. लतानं त्याला हातानं, काही नाही, असं खुणावलं आणि ती अक्काच्या बाजूला सरकली.

फाट्यावर उतरल्यावर दोघी गावाच्या रस्त्याला लागल्या. ऊन अजून होतं. लता चार पावलं पुढं चालत होती, तिला आता दम लागत नव्हता. मंजुळाबाई मागून तिच्या चालण्याकडे पाहत राहिली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन तीही निघाली.